कंप अडवा, कंप जिरवा
घरातील स्पीकर, वरच्या मजल्यावरील सामायिक आणि आपला शेजारधर्म

बारामतीच्या पेठेतील एका परिचित व्यापारी कुटुंबातील हा प्रसंग आहे. जुना वाडा पाडून त्या जागी तीन मजली इमारत झालेली. तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर मुलगा, सून व नातू, आणि दुसऱ्या मजल्यावर आजींची खोली. दिवाळीत नातवाने हौसेने होम थिएटर आणले. पहिल्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसले, कौतुक झाले. आजींना ऐकू कमी येते. त्यामुळे या आवाजाचा त्यांना काही त्रास होईल, असे कोणाच्या मनातही आले नाही.

पंधरा दिवसांनी सुनेच्या लक्षात आले की, आजी सायंकाळचे सामायिक आपल्या खोलीत न करता गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या चौकात आसन घालून करीत आहेत. थंडीचे दिवस होते. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, आवाज कुठे येतो मला? पण आसनावर बसलं की खालची फरशी थरथरते, ती थेट अंगात येते. मन माळेवर ठरत नाही. त्याला काही बोलू नकोस, हौसेनं आणलंय पोरानं.”

नातवाला हे कळले तेव्हा तो खजील झाला. त्याने आवाज कमी केला. पात्रांचे संवाद स्वतःलाच नीट ऐकू येईनात, इतका कमी केला. तरीही वरच्या खोलीत थरथर थोडी उरलीच. म्हणजे ऐकणाऱ्याचे सुख गेले आणि आजींचा त्रास मात्र पुरता गेला नाही. हा प्रश्न केवळ आवाजाच्या बटणाने सुटणारा नव्हता, कारण तो कानांचा नव्हताच. तो फरशीचा होता.

आज आपल्या समाजातील असंख्य घरांची रचना अशीच आहे. खाली दुकान, वर घर, बाजूला सामाईक भिंत, आणि एकाच छपराखाली तीन पिढ्या. एका खोलीत चित्रपट, दुसरीत अभ्यास, तिसरीत प्रतिक्रमण. म्हणून स्पीकर कोठे ठेवावा आणि कशावर ठेवावा, हा विषय केवळ शौकिनांचा राहिलेला नाही. तो घरातील शांततेचा विषय झाला आहे.

शब्दाला वजन आहे

शब्द म्हणजे नेमके काय, याविषयी भारतीय दर्शनांत मोठा मतभेद होता. न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले. जैन दर्शनाने त्याला पुद्गलाचा पर्याय मानले. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाच्या ज्या अवस्था सांगितल्या आहेत, त्यांत शब्दाचा समावेश आहे. शब्द हा मूर्त द्रव्याचा व्यापार आहे. तो आदळतो, अडतो, ढकलतो. आधुनिक ध्वनिशास्त्राची परिभाषा निराळी आहे, तरी ध्वनी म्हणजे द्रव्याचे स्पंदन, ही गोष्ट तेही सांगते. हवा नसेल, भिंत नसेल, पाणी नसेल, तर ध्वनीला जाण्यास मार्गच नाही.

स्पीकरच्या आत एक पडदा असतो. तो पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. परंतु पुढे ढकलणाऱ्यास मागे रेटा बसतो, हा न्यूटनचा नियम येथेही सुटत नाही. पडदा पुढे गेला की पेटी मागे सरकू पाहते. समजा, सबवूफरचा पडदा आणि त्याच्या मागची तारेची गुंडाळी मिळून ६० ग्रॅम आहे आणि पेटीचे वजन १२ किलो आहे. पेटी दोनशे पटींनी जड झाली. पडदा ५ मिलिमीटर हलला, तर मोकळी पेटी उलट दिशेने मिलिमीटरचा चाळिसावा भाग हलेल. हे अंतर डोळ्यांना दिसत नाही; पण सेकंदाला चाळीस वेळा असा धक्का फरशीला बसू लागला की तळव्याला आणि मांडीला तो स्पष्ट जाणवतो.

हा कंप एकदा काँक्रिटमध्ये शिरला की दूरवर जातो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. काँक्रिटमध्ये त्याचा वेग त्याच्या साधारण दसपट असतो. शिवाय हवेतून आलेला आवाज भिंतीवर आदळला की त्याचा मोठा भाग परत फिरतो, तर भिंतीला किंवा फरशीला प्रत्यक्ष टेकलेल्या वस्तूचा कंप सहज आत शिरतो. शेजारच्या घरातील बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, परंतु तेथे कोणी भिंतीत खिळा ठोकला तर साऱ्या इमारतीला कळते, ते याच कारणाने. फरशीवर ठेवलेला सबवूफर म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पडणारी हलकी हातोडीच होय.

आधी परीक्षा, मग उपचार

बाजारात जाण्यापूर्वी कंप कोणत्या वाटेने जातो आहे, याची परीक्षा घरच्या घरी करावी. तिला पैसा लागत नाही; दोन माणसे व एक दूरध्वनी पुरतो.

पहिली परीक्षा तळहाताची. खोल, घुमणारा आवाज असलेले एकच गाणे किंवा प्रसंग पुनःपुन्हा लावावा आणि क्रमाने पेटीवर, फरशीवर, भिंतीवर, टीव्हीच्या कपाटावर, खिडकीच्या गजावर हात ठेवून पाहावा. कोणती वस्तू अधिक थरथरते, हे लगेच समजते. हात समाधानकारक उत्तर देत नसेल, तर स्टीलच्या पातळ ताटलीत चिमूटभर कोरडा रवा पसरून ती फरशीवर ठेवावी. रव्याचे कण नाचू लागले की फरशी किती हलते, ते दिसेल. जर्मन संशोधक ख्लाड्नी याने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कंपांच्या आकृत्या १७८७ मध्ये जगापुढे मांडल्या. आपली ताटली ही त्याच प्रयोगाची धाकटी बहीण आहे.

दुसरी परीक्षा अधिक निर्णायक आहे. एका माणसाने वरच्या किंवा शेजारच्या खोलीत बसावे. दुसऱ्याने आवाजाचे बटण न हलवता स्पीकर जागेवरून उचलून दुमडलेल्या जाड गादीवर ठेवावा. ज्या सबवूफरचा पडदा तळाकडे तोंड करून असतो, त्याच्याखाली आधी एक पाट घालावा, म्हणजे पडद्याचे तोंड बंद होणार नाही. आता वरच्या माणसाला विचारावे. थरथर नाहीशी झाली असेल, तर कंप फरशीतून जात होता आणि त्यावर उपाय आहे. काहीच फरक पडला नसेल, तर तो हवेतून जात आहे आणि बैठक बदलून उपयोग होणार नाही. बहुतेक घरांत उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी मिळते.

वर सांगितलेल्या घरी हाच प्रयोग झाला. सबवूफर गादीवर ठेवताच आजींच्या आसनाखालची थरथर जवळजवळ थांबली. एक अस्पष्ट घुमारा तेवढा उरला. नातवाला आपला शत्रू कोण, ते कळले.

जागा निवडणे: बिनखर्चाचा उपाय

अनेक घरांत सबवूफर कोपऱ्यात ढकलून दिलेला असतो, कारण तेथे तो पायात येत नाही. परंतु दोन भिंती आणि फरशी जेथे मिळतात, तेथे खोल स्वर सर्वांत अधिक फुगतो. प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही आवडते स्वर असतात. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर १२ फूट असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४७ कंपांचा स्वर त्यांच्यामध्ये घुमू लागतो. १० फूट उंचीचे छत सुमारे ५७ हर्ट्झला साद देते. लांबी-रुंदी सारखी असलेल्या खोलीत दोन्ही दिशांचे स्वर एकच होतात आणि घुमारा दुप्पट जाणवतो. कोपरा हे या साऱ्या स्वरांना जागे करण्याचे ठिकाण आहे.

यावर जाणकारांची एक युक्ती आहे. सबवूफर काही वेळ आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, एकच संगीत लावावे आणि आपण भिंतीच्या कडेने, कान खाली नेऊन, सावकाश फिरावे. काही ठिकाणी आवाज ढोलासारखा घुमेल, काही ठिकाणी नाहीसा होईल, आणि एखाद्या ठिकाणी तो स्वच्छ व सारखा ऐकू येईल. ते ठिकाण सबवूफरचे. मग त्याला तेथे ठेवून आपण आपल्या जागी बसावे. घुमारा कमी झाला की संवाद उठून ऐकू येतात, आवाज वाढवावा लागत नाही, आणि शेजारी जाणारा कंप आपोआप घटतो.

याखेरीज चार गोष्टी पाळाव्यात. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवर स्पीकर टांगू नये. दुकानात भजन किंवा संगीत लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण पेठेत एका दुकानाची भिंत ही दुसऱ्याच्या घराची भिंत असते. स्पीकर भिंतीतील कपाटात किंवा शोकेसमध्ये कोंबू नये. तेथे लाकडी फळ्या आणि काचाही गाऊ लागतात. पेटीची पाठ भिंतीला टेकवू नये. आणि ज्या खोलीच्या वर किंवा खाली कोणाचे झोपण्याचे अथवा आराधनेचे स्थान आहे, त्याच्या बरोबर रेषेत सबवूफर ठेवू नये.

अडवणे: मऊ बैठकीचे गणित

आता बैठकीकडे वळू. आपल्या भागात दुष्काळाच्या दिवसांत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर रंगवलेले असे. कंपाचेही तेच आहे. त्याला आधी अडवावे लागते, आणि जो अडतो त्याला जिरवावे लागते.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आपल्या समाजाला परके नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, आणि पुढे तेथील यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, अवाढव्य गिअर व इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले. मोठी फिरती यंत्रे बसवणाऱ्या अभियंत्यांचा एक मूलभूत नियम असतो: यंत्राचा पाया जड असावा, तो इमारतीच्या फरशीला जोडलेला नसावा, आणि जेथे आधार द्यावाच लागेल तेथे तो मऊ असावा. घरातील स्पीकरलाही हाच नियम लागू आहे. फरक केवळ प्रमाणाचा.

मऊ म्हणजे किती मऊ? येथेच बहुतेकांची फसगत होते. कोणतीही वस्तू मऊ आधारावर ठेवली की तिला डोलण्याची एक स्वाभाविक गती प्राप्त होते. ही गती ओळखण्याची सोपी खूण अशी: वजन ठेवल्यावर आधार किती दबतो, ते मोजावे. तो १ मिलिमीटर दबला, तर डोलण्याची गती सुमारे १६ हर्ट्झ. ४ मिलिमीटर दबला, तर सुमारे ८ हर्ट्झ. ९ मिलिमीटर दबला, तर सुमारे ५ हर्ट्झ. या गतीच्या साधारण दीडपटीच्या पुढील स्वर अडू लागतात, आणि जितके पुढे जावे तितका अडथळा वाढत जातो. सबवूफरचे बरेचसे काम ३० ते १०० हर्ट्झमध्ये चालते. म्हणून बैठकीची गती १० हर्ट्झच्या आसपास आली, तर ४० हर्ट्झच्या कंपाचा जेमतेम दहावा भाग फरशीत उतरतो.

याच गणितात एक धोकाही आहे. कडक रबराचा ठोकळा हलक्या स्पीकरखाली ठेवला आणि तो मिलिमीटरचा सहावा-सातवा भाग एवढाच दबला, तर त्याची डोलण्याची गती ४० हर्ट्झच्या जवळ येते. मग त्या स्वराचा कंप अडण्याऐवजी वाढतो! झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलावे, तसे होते. सुंदर वेष्टनात मिळणारे महागडे पाय बसवूनही काही घरांत थरथर वाढली, त्याचे मर्म येथे आहे. रबर चांगले की वाईट, हा प्रश्न नसतो. ते आपल्या स्पीकरच्या वजनाखाली किती दबते, एवढाच प्रश्न असतो. दुकानदाराला तोच विचारावा.

उलट बाजूची चूक म्हणजे सोफ्याचा साधा स्पंज. तो वजनाखाली दबून पापड होतो, आणि मग खाली फरशी व वर पेटी, मध्ये काहीच नाही, अशी स्थिती येते. सर्वसाधारण नियम असा की, बैठक तिच्या जाडीच्या दहा ते पंधरा टक्के दबावी.

टोकदार लोखंडी काट्यांविषयीही एक समज पसरलेला आहे की, टोकावर उभा केल्याने कंप खाली जात नाही. वास्तविक काटा स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतो. जाड गालिच्यावर उंच स्टँड डगमगू नये म्हणून त्याचा उपयोग आहे. कंप अडवण्यासाठी नाही.

जिरवणे: जडपणा आणि चिकाटी

नुसती स्प्रिंग कंप अडवते, पण स्वतः डोलत राहते. म्हणून मोटारीला स्प्रिंगबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बर द्यावा लागतो. तो डोलण्याची ऊर्जा घर्षणात खर्च करून तिची अल्पशी उष्णता करतो. रबर आणि दाट फोम ही दोन्ही कामे थोडीथोडी करतात: दबतात आणि जिरवतातही. म्हणून घरगुती उपयोगासाठी ते सोयीचे.

त्या बारामतीच्या घरी केलेला उपाय असा होता. अंगणात पडून असलेली दोन फूट लांब-रुंद, इंचभर जाडीची शहाबादी फरशी घेतली. अशा फरशीचे वजन सुमारे २५ किलो भरते. गादीवाल्याकडून तुकडे दाबून बनवलेल्या दाट फोमची दोन इंची पट्टी आणली आणि तिचे चार चौकोन कापून फरशीच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले. फरशीवर पातळ रबराची चटई, आणि तिच्यावर सबवूफर.

यात दोन लाभ साधतात. १२ किलोची पेटी २५ किलोच्या दगडाशी जोडली गेल्याने तिचे मागे-पुढे सरकणे सुमारे एक तृतीयांशावर येते. आणि एकूण ३७ किलोंचे वजन फोमवर आल्याने तो नीट दबतो. दबण्याचे प्रमाण साधण्याची रीतही सोपी आहे. फोमचे चौकोन लहान कापले तर ते अधिक दबतात, मोठे कापले तर कमी. दोन इंची फोम पाच ते सात मिलिमीटर दबेपर्यंत तुकडे कापत जावे, पट्टीने मोजावे. सबवूफर एका बाजूस जड असेल, तर त्या बाजूचे तुकडे थोडे मोठे ठेवावेत, म्हणजे फरशी समतल राहील. वर्ष-दोन वर्षांनी फोम कायमचा दबलेला दिसला तर बदलावा.

टीव्हीजवळच्या लहान स्पीकरांना एवढा खटाटोप लागत नाही. ते कपाटाच्या पोकळ फळीवर न ठेवता, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला येतील अशा जड स्टँडवर ठेवावेत आणि खाली मऊ रबराच्या चकत्या द्याव्यात. उंच, उभे स्पीकर मात्र फार मऊ बैठकीवर ठेवू नयेत. घरात लहान मुले असतील तर ते कलंडण्याचा धोका असतो, आणि तो धोका कोणत्याही थरथरीपेक्षा मोठा आहे.

जिरवण्याचा दुसरा भाग म्हणजे घरातील ‘गाणाऱ्या’ वस्तू. शोकेसची काच, भिंतीवरील तसबीर, कपाटाची कडी, खिडकीचे सैल तावदान, स्टीलच्या डब्यांची रांग. आपण ज्याला स्पीकरचा दोष समजतो, तो पुष्कळदा यांचा असतो. तसबिरीच्या मागे फेल्टच्या दोन टिकल्या, काचेच्या खाचेत रबरी पट्टी, कडीखाली कापडाचा तुकडा: काम संपले.

ज्येष्ठ वाचकांना रेडिओग्रामचा काळ आठवत असेल. तबकडी आणि स्पीकर एकाच पेटीत असत. आवाज वाढवला की स्पीकरचा कंप सुईत शिरे, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडे, आणि घुंऽऽ असा आवाज उठे. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग करणारा लहान स्पीकर बनवला आणि १९६१ मध्ये तबकडीचे यंत्र मऊ स्प्रिंगांवर तरंगते ठेवून पावलांचे हादरेही सुईपासून दूर ठेवले. तेव्हा कंपापासून सुईला वाचवायचे होते. आज माणसाला वाचवायचे आहे. उपाय तोच आहे.

इंदापूरचा लाकडी माळा

वरील सारे विवेचन काँक्रिटच्या घरांना लागू आहे. इंदापूरसारख्या जुन्या गावात अजून काही घरे दगड-विटांच्या जाड भिंतींची आणि लाकडी तुळयांवर तक्तपोशी घातलेली आहेत. खाली कापडाची किंवा किराण्याची पेढी, वर राहते घर. अशा माळ्यावर मूल धावले तरी खालच्या काट्याचे पारडे हलते, हे त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

लाकडी माळा स्वतःच एक मोठा पडदा आहे. तुळईच्या मध्यावर तो सर्वांत अधिक लवतो आणि भिंतीजवळ, जेथे तुळई टेकलेली असते, तेथे सर्वांत कमी. म्हणून तेथे सबवूफर खोलीच्या मध्याकडे न ठेवता तुळयांच्या टोकाजवळ, पण कोपरा सोडून, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. जड फरशीचा उपाय करण्यापूर्वी माळ्याची प्रकृती पाहावी. वाळवी लागलेल्या किंवा झोल आलेल्या जुन्या तक्तपोशीवर विनाकारण भार वाढवू नये. तेथे कमी वजनाचा लहान सबवूफर, अथवा ज्यात दोन पडदे पाठीला पाठ लावून बसवलेले असतात असा सबवूफर अधिक योग्य. दोन्ही पडदे एकाच वेळी विरुद्ध दिशांना जातात, त्यामुळे पेटीला बसणारे धक्के परस्परांना खोडून काढतात.

जेथे बैठक थकते

एवढे करूनही काही उरते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हवेतून जाणारा खोल स्वर कोणत्याही बैठकीने थांबत नाही. साडेचार इंची विटांची भिंत बोलणे बऱ्यापैकी अडवते. ४० हर्ट्झचा घुमारा तीतून पुष्कळसा पार होतो. पडदे, गालिचे, भिंतीवरील फोमच्या पट्ट्या यांचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्या वस्तू उंच स्वरांसाठी आहेत.

केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. परंतु ही मोजणी माणसाच्या कानाच्या संवेदनेला अनुसरून होते, आणि त्या मापात ४० हर्ट्झच्या स्वराचे मोल सुमारे ३५ डेसिबलने कमी धरले जाते. म्हणजे मीटरवर आकडा नियमात दिसेल, आणि वरच्या मजल्यावरील आजारी माणसाला मात्र झोप लागणार नाही. मीटर जेथे मुका होतो, तेथे आपल्या विवेकाला बोलावे लागते.

अशा वेळी उपाय उरतो तो संयमाचा. रात्री सबवूफर वेगळा बंद करावा. संवाद त्याच्यावाचून उत्तम ऐकू येतात. बहुतेक नव्या यंत्रांत रात्रीसाठी वेगळी सोय असते. ती मोठे धमाके खाली आणि पुटपुटणे वर आणते. तिचा उपयोग करावा. घरातील सामायिकाची वेळ सर्वांना ठाऊक असावी. अठ्ठेचाळीस मिनिटे काही फार मोठा काळ नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण नावाचे एक गुणव्रत आहे. जी हिंसा किंवा पीडा कोणत्याही प्रयोजनावाचून घडते, तिच्यापासून दूर राहणे, हा त्याचा अर्थ. संसारी माणसाकडून प्रयोजनाने होणारे दोष टळणे कठीण; परंतु निष्प्रयोजन दोष तर टळू शकतात. फरशीत उतरणारा कंप हे त्याचे चपखल उदाहरण आहे. ऐकणारा जे ऐकतो ते हवेतून. वरच्याच्या आसनाखाली जाते ते कोणाच्याच उपयोगाचे नसते. एका जुन्या फरशीने आणि वीतभर फोमने ते थांबत असेल, तर ते न थांबवणे ही केवळ बेफिकिरी ठरेल. आपले पूर्वज जिला जयणा म्हणत, ती अशाच लहान गोष्टींत पाळली जाते.

त्या घरी आजी आता पुन्हा आपल्या खोलीत बसतात. युद्धाचा एखादा चित्रपट लागला की अजूनही किंचित काही जाणवते, असे त्या विचारल्यावर सांगतात. म्हणून तसले चित्रपट सामायिकानंतर लावायचे, असे नातवाने ठरवले आहे. त्याने आवाज पूर्वीपेक्षा कमी केलेला नाही. त्याने फक्त विचारायला सुरुवात केली आहे.

पर्युषणाच्या अखेरीस आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, ज्ञात-अज्ञात अपराधांची क्षमा मागतो. यंदा त्याच्या आठवडाभर आधी वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर आणि भिंतीपलीकडे जाऊन एवढेच विचारावे: “आमच्या घरातून तुम्हाला काही जाणवते का?” बहुधा उत्तर येईल, “छे, काही नाही.” तेव्हा तेथे घटकाभर बसावे, घरी दूरध्वनी करून स्पीकर लावायला सांगावे, आणि आपला तळहात त्यांच्या फरशीवर ठेवून पाहावा.